गुरम्माचा खड्डा

गुरम्मा : ...तेच सांगायलीय मी. माझ्या नातवाचं, पंचाक्षरीचं लग्न पन्नास माणसांत उरकलं, नवरा-नवरीच्या तोंडाला फडकी बांधून, त्या साली मी पहिल्यांदा म्हणलं हुतं, माझा खड्डा मी जितेपणी खणून घेणार. आता त्याची पोरगी साळंत जायलीय. इतकी वर्सं तू ऐकलं न्हाईस. आज मी माझी मशीन बोलावली, तर तू मशीनीपुढं आडवा पडलास.

शरणबसव : आडवा पडलो नाही, अव्वा. वाकून बघत होतो.

इमामसाब : सर, जेसीबीच्या बकेटखाली डोकं घालून कुणी बघतंय का? माझा हात दांड्यावर होता म्हणून वाचलाव. न्हायतर आईच्या खड्ड्यात आधी लेकालाच ठेवायला लागलं असतं.

गुरम्मा : तसलं बोलू नकोस, इमाम. खड्डा माझा हाय. पोटच्या पोराला बी मी देणार न्हाय.

शरणबसव : इमामसाब, आधी इंजिन बंद कर. आणि मघाशी बकेटमधून जे खाली सांडलं, ते कुठं पडलं?

इमामसाब : ते वाकडं? हितं हाय की. बाभळीचं मूळ वाटायलंय.

शरणबसव : दात आहे.

इमामसाब : दात? माझ्या कोपरापासून पंज्यापर्यंत हाय ह्यो!

शरणबसव : सुळा. खालच्या जबड्यातला. आणि ते बघ, खड्ड्याच्या भिंतीतून बाहेर आलंय, पिवळसर, गोल... अव्वा, डोकं आहे! अख्खं डोकं!

गुरम्मा : कुणाचं?

शरणबसव : पाणघोड्याचं.

गुरम्मा : आपल्या रानात? उन्हाळ्यात आपल्या विहिरीत बेडूक टिकत न्हाय, आन पाणघोडा कुठला?

शरणबसव : तेव्हा नदी वेगळी होती. हे सगळं रान म्हणजे डोह आणि गवत. तीस-चाळीस हजार वर्षं झाली असतील. पुढं पाऊस कमी झाला, डोह आटले, आणि ही जनावरं इथून संपली.

गुरम्मा : म्हंजे पाण्यावाचून मेला.

शरणबसव : तसंच म्हण.

गुरम्मा : मग आपल्याच तालुक्यातला की. वाईट वाटलं मला. आता त्याला बाजूला कर आन इमामला खणू दे. दुपारी त्याला दुसरीकडं पायपाची चारी काढायला जायचंय.

शरणबसव : अव्वा, आता इथं मशीन चालणार नाही.

गुरम्मा : आन माझा खड्डा?

शरणबसव : थांबावं लागेल. वरच्या ऑफिसला कळवायचं. ते माणूस पाठवतील. मग ब्रशनं, दाभणानं, थोडं थोडं मोकळं करायचं. सहा महिने धर. वर्षही लागेल.

गुरम्मा : मला ब्याऐंशी सरलं. थांबणं माझ्या हातात हाय का? तसं असंल तर लिहून आण शिवाकडनं, की म्हातारीला वर्सभर न्हेणार न्हाय.

इमामसाब : सर, मी एक बोलू? खड्डाच सरकवा की पलीकडं. एवढं रान हाय.

गुरम्मा : सरकव! शरणा, सांग ह्याला कुठं सरकवणार ते. हे मधी तुझे अप्पा बसल्यात. त्यांच्या डाव्या अंगाला कोण हाय?

शरणबसव : आजी.

गुरम्मा : म्हंजे माझी कोण?

शरणबसव : सासू.

गुरम्मा : ऐकलास, इमाम? डाव्या अंगाला माझी सासू. मागं बांध, बांधापलीकडं भावकी. म्होरं गाडीवाट. ऱ्हायली कुठली? उजवी. आन उजवीकडं आता ह्याचा पाणघोडा. मी कुठं बसू? सासूच्या पलीकडं? जलमभर माझ्या आन ह्येंच्या मधी ती बसली. जेवताना मधी, गाडीत मधी. लग्न झाल्यावर एकदा सोलापूरला नवी पेठेत लुगडं घ्यायला न्हेलं मला, तवा बी दुकानात गादीवर मधी तीच. लुगडं तिनंच पसंत केलं. आता मेल्यावर बी तीच मधी?

इमामसाब : बसली, बसल्यात म्हणायलाव. तुमच्यात आडवं ठेवत न्हाईत?

गुरम्मा : आमच्या लिंगायतांत बसवत्यात. मांडी घालून. कपाळाला विभूती, हातात लिंग, भवती बेलपान. तुमचं बरं हाय, झोपून ऱ्हायचं.

इमामसाब : हौ, आमच्यात तेवढा आराम हाय.

गुरम्मा : आमाला जित्तं हाय तवर काम, आन मेल्यावर बी ताठ बसायचं. म्हणून तर जागा ऐसपैस पायजे. ह्येंचं बघ. वैशाखात गेले. जिमीन लोखंडासारखी. गावची पोरं खणायला लागली, कमरेइतकं गेलं आन पहार टणाटणा वाजायला लागली. "अव्वा, झालं, एवढं बास." माझा नवरा ताडासारखा. मांडी बसंना. गुडघं वर ऱ्हायलं. तसंच बुजवलं. वीस वर्सं माणूस अवघडून बसलाय हितं. जेवताना मी पाय पसरते आन मला ह्येंचं गुडघं दिसत्यात.

शरणबसव : अव्वा, ते राहू दे आता.

गुरम्मा : का ऱ्हाऊ दे? तू हुतास का तवा? सगळे विचारायले, थोरला कुठं हाय? मी काय सांगू? लांडगीण व्यालीय, तिच्या बिळापुढं बसलाय, म्हणून सांगू?

इमामसाब : लांडगीण?

गुरम्मा : मग? तुला ठावं न्हाय? पलीकडच्या चार गावांत मला लांडग्याची आई म्हणत्यात. पोरगं शिकलं, पुण्याला गेलं, नोकरी लागली. म्हणलं, साहेब झालं. तर ह्यो माळावर लांडग्यांच्या मागं. लोकं मेंढरं राखायला कुत्रं पाळत्यात, सरकारनं लांडगं राखायला माझं पोरगं पाळलं.

शरणबसव : राखत नव्हतो, अव्वा. अभ्यास करत होतो. पिल्लं किती जगतात, काय खातात, कुठं कुठं फिरतात.

गुरम्मा : तुझं एकच पिल्लू हुतं. ते काय खातंय ते म्हाईत हुतं का तुला?

शरणबसव : माहीत होतं.

गुरम्मा : न्हवतं. पंचाक्षरी वांगं खात न्हाय, हे तुला त्याच्या लग्नात कळलं. बरं, ते जाऊ दे. पुढं माळावर पळणं झेपंना, तवा ह्येनं लांडगा सोडला आन लांडग्याचा गू धरला.

इमामसाब : अव्वा! सरांसमोर...

गुरम्मा : खोटं असंल तर त्यानं सांगावं.

शरणबसव : खरं आहे. त्यातून डीएनए मिळतो, इमामसाब. जनावराला हातही लावावा लागत नाही. नर की मादी, कुणाची आई कोण, गावच्या कुत्र्याशी किती मिसळलाय, सगळं कळतं. त्यासाठी मी हैदराबादला दहा वर्षं काढली.

गुरम्मा : आन सुट्टीला सोलापूरला आला की ते ठेवायचं कुठं? घरच्या फ्रीजात. दह्याशेजारी. रेश्मानं, माझ्या सुनंनं, ह्याचा संसार कसा केला ते तिलाच ठावं. एक दिस पंचाक्षरी, चौथीत असंल, घाईत चुकीचा डबा घिऊन साळंत गेला. मधल्या सुट्टीत झाकण काढलं तर आत तसलं, आन वर चिठ्ठी, "मादी, वय अंदाजे तीन."

इमामसाब : या अल्ला! मग?

गुरम्मा : बाई हुशार. डबा पिशवीत घालून खिडकीत ठिवला आन सांजच्याला घरी पाठवला. तर ह्यो रेश्मावर वरडला.

शरणबसव : दिवसभर उन्हात ठेवला होता त्या बाईंनी. नमुना वाया गेला.

गुरम्मा : बघ! पोरगं उपाशी ऱ्हायलं त्याचं न्हाय. अजून नमुन्याचंच दुख हाय ह्याला. आन आता हाडं. माणसं वय झालं की काशीला जात्यात, ह्यो जनावर बदलत गेला. पळणारं झेपंना, तर त्यानं टाकलेलं धरलं. ते संपलं, तर मेलेलं धरलं.

शरणबसव : झेपत नव्हतं म्हणून नाही सोडलं.

गुरम्मा : मग?

शरणबसव : लांडगेच राहिले नाहीत तिथं. ज्या माळावर मी बसायचो, तिथं आधी ऊस आला, मग प्लॉट पडले, मग सोलरच्या काचा. शेवटच्या वर्षी एक लांडगा दिसला नाही. वाळलेली विष्ठा तेवढी सापडायची. म्हटलं, जे उरलंय त्यावर काम करू. पुढं तीही मिळेना. मग म्हटलं, आपल्या भागात आधी काय काय होतं, ते तरी बघावं. असा मागं मागं जात गेलो.

गुरम्मा : लोकं पुढं जात्यात, शरणा.

शरणबसव : मला पुढं फारसं काही दिसलं नाही, अव्वा. आणि रिटायर झाल्यावर आज पहिल्यांदा माझ्यासमोर एक जनावर आलंय, जे निघून जाणार नाही. आयुष्यभर माझ्या हाताला तुकडे लागले. इथं एक दाढ, तिथं अर्धी बरगडी. अख्खं डोकं कधी नाही.

इमामसाब : सर, ह्याच्या हाडातनं पण कळंल का, ह्याची आई कोण?

शरणबसव : अवघड आहे. आपल्याकडच्या उन्हानं सगळं जाळून टाकलेलं असतं. पण काही टिकलंच, तर आईकडून आलेला अंश टिकण्याची आशा जास्त.

गुरम्मा : आन सासूकडनं आलेला?

शरणबसव : सासूचा अंश सुनेत येतच नाही. शास्त्रात सासू-सुनेचं काही नातं नाही.

गुरम्मा : तुझ्या एवढ्या शिक्षणात मला पटलेलं हे पहिलंच.

इमामसाब : पर सरांमध्ये असंल की. त्यांची आजी हाय ती.

शरणबसव : हो. साधारण पाव हिस्सा.

गुरम्मा : पाव? मला तर बारा आणे दिसायलाय. आईच्या जागंवर पाणघोडा आणून बसवायची अक्कल दुसऱ्या कुणाची?

शरणबसव : मी आणला नाही. तो आधीपासून इथं आहे.

गुरम्मा : ती बी हेच म्हणायची. "मी आधीपासनं ह्या घरात हाय."

इमामसाब : सर, मशीनीचं काय करू? तिकडं चारीवाला फोनवर फोन करत असंल. हितं रेंज न्हाय म्हणून बरंय.

शरणबसव : थांब जरा. मी खाली उतरतो. ती पहार दे इकडं. हात धर.

गुरम्मा : पडशील! गुडघं तुझं बी धड न्हाईत.

शरणबसव : नाही पडत... हे बघ, इमामसाब. वर काळी माती. खाली हा वाळू-गोट्यांचा थर. चुनखडीनं घट्ट झालाय, सिमेंटसारखा. आवाज ऐक.

इमामसाब : टणटणायलंय.

शरणबसव : डोकं ह्या थरात आहे. तोंड इकडं, नदीकडं. म्हणजे मान ही अशी आत गेलीय. आणि धड... अव्वा, अप्पांचा खड्डा नेमका कुठून सुरू होतो?

गुरम्मा : त्या बेलाच्या खोडापासनं अलीकडं. का?

शरणबसव : काही नाही.

गुरम्मा : शरणा, "काही नाही" म्हणताना तुझं तोंड तुझ्या अप्पासारखं हुतं. बोल.

शरणबसव : हाच थर त्यांच्या खालून गेलाय. आणि धडसुद्धा तिकडंच गेलं असणार.

गुरम्मा : म्हंजे?

शरणबसव : म्हणजे अप्पा बहुतेक पाणघोड्याच्या पाठीवर बसलेत.

इमामसाब : तोबा! वीस वर्सं?

गुरम्मा : थांब, थांब. म्हंजे ती पोरं खणायची थांबली, पहार वाजायला लागली, ते...

शरणबसव : ते हेच. त्यांना खाली जाताच आलं नसतं. आळस नव्हता त्यांचा.

गुरम्मा : शिवशिवा. आन मी त्या सोमलिंगाच्या पोरांना वीस वर्सं शिव्या द्यायलीय. त्यातला थोरला परवा बाजारात मला बघून दुसऱ्या गल्लीनं गेला. ...मग तू हितं असतास, तर काय झालं असतं?

शरणबसव : मला लगेच कळलं असतं.

गुरम्मा : काय कळलं असतं?

शरणबसव : की हे हाड आहे.

गुरम्मा : आन मग? बापाला बसवला असतास का खड्ड्यात?

शरणबसव : थोडं थांबायला सांगितलं असतं.

गुरम्मा : सहा म्हैने! ऐक, इमाम! बापाला बाहेर ठिवून ह्यो आत ब्रश मारत बसला असता! बरं झालं बाबा तू लांडगिणीकडं हुतास. वीस वर्सं मी तुझ्यावर रागावून हुते, ते उगंच. त्या लांडगिणीचंच उपकार झालं.

इमामसाब : अव्वा हसायल्यात. सर, हीच वेळ हाय, काय मागायचं ते मागून घ्या.

शरणबसव : अव्वा, मला एवढं एक काढू दे. फक्त डोकं आणि पुढचा भाग.

गुरम्मा : मी न्हाई कवा म्हणलं? पर माझी जागा मला मिळाली पायजे. ह्येंच्या उजव्या अंगाला. आन मांडी बसंल एवढी.

इमामसाब : सर, हे बघा, मातीत अजून एक सापडलं. ह्यो चौकोनी हाय. ह्याच्यावर काय कोरलंय कुणीतरी.

शरणबसव : दाढ आहे. कोरलेलं नाही, झिजून तशी झालीय. दे इकडं, पुसतो.

गुरम्मा : आधी माझ्याकडं आण. उजेडात धर. ...इमाम, तुला काय दिसायलंय?

इमामसाब : पान. तीन पाकळ्यांचं. दोन हाईत तसली, समोरासमोर.

गुरम्मा : बेलपान हाय ह्ये.

शरणबसव : अव्वा, पाणघोड्याची दाढ अशीच झिजते. वरचं कठीण आवरण घासलं जातं आणि तशी नक्षी उमटते. जगात कुठलाही पाणघोडा घे, त्याच्या दाढेवर हीच नक्षी असते. त्यावरूनच तर आम्ही ओळखतो.

गुरम्मा : सगळ्यांच्या?

शरणबसव : सगळ्यांच्या.

गुरम्मा : म्हंजे सगळी जातच शिवाची. खातंय काय हे जनावर?

शरणबसव : गवत.

गुरम्मा : मटण-मासळी?

शरणबसव : नाही. जवळजवळ नाहीच.

गुरम्मा : जवळजवळ म्हंजे?

शरणबसव : गवतच खातो, अव्वा.

गुरम्मा : तोंडात बेलपान, खायला गवत, आन मेल्यावर जाळला न्हाय, पुरला. मग लिंगायतच की ह्यो! तू मघापासनं जनावर, जनावर काय म्हणायलास?

इमामसाब : अव्वा, गवत तर माझी बकरी बी खाते.

गुरम्मा : तिच्या दातावर बेलपान हाय का?

इमामसाब : बघितलं न्हाय.

गुरम्मा : मग गप बस. शरणा, ऐक. ह्यो शेजारी मला चालतोय. ह्येंना इतकी वर्सं पाठीवर घिऊन बसलाय बिचारा. सासूपरास कितीतरी बरा. पर त्याचं डोकं माझ्या जागंत हाय, तेवढं काढ. दिवाळीच्या आत.

शरणबसव : दिवाळी म्हणजे सहा महिनेही नाहीत. मधे पावसाळा आहे.

गुरम्मा : ताडपत्री बांध. इमामकडं असंल.

इमामसाब : दोन हाईत. एक फाटकी हाय, ती पाणघोड्याला चालंल.

गुरम्मा : आन आणखी एक सांग मला. हे काढायला तू हितंच ऱ्हाणार?

शरणबसव : राहावंच लागेल. हे दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

गुरम्मा : रोज?

शरणबसव : रोज.

गुरम्मा : जेवायला घरी?

शरणबसव : घरीच.

गुरम्मा : रेंज नसलेल्या कुठल्या माळावर जाऊन बसणार न्हाईस?

शरणबसव : अव्वा, रेंज इथंच नाही.

गुरम्मा : हितं नसली तर चालंल. हाक ऐकू येती. ...इमाम, तुझी मशीन मागं घे. हळू घे, बांधावर शेवगा हाय. आन जाताना घरातनं माझी खुर्ची आणून बेलाखाली ठिव. प्लास्टिकची नको, मोडती. लाकडाची आण.

इमामसाब : तुमी कशाला उन्हात बसायलाव, अव्वा?

गुरम्मा : माझी जागा हाय. कोण काय करायलंय ते बघायला नको?

(कार्तिक संपला आहे. इमामसाब पावसाळा उतरल्यापासून करमाळ्याकडे कामाला होता. आज परतताना तो रानात उतरला आहे. शरणबसव बेलाला पाणी घालतो आहे.)

इमामसाब : सर! ओ सर! हे काय केलाव? खड्डा बुजवलाव?

शरणबसव : ये, इमामसाब. करमाळ्याहून कधी आलास?

इमामसाब : आत्ताच. घरी बी गेलो न्हाय अजून. ते ऱ्हाऊ द्या. पाणघोडा निघाला का सगळा?

शरणबसव : डोकं निघालं. खालचा जबडा, पुढचे दोन्ही पाय, बऱ्याच बरगड्या. प्लास्टरमध्ये बांधून सोलापूरला नेलंय. ऑफिसची खोली रिकामी होईपर्यंत आमच्या घरी आहे. रेश्मानं दिवाणावर चादर घालून दिलीय.

इमामसाब : वहिनी काय म्हणाल्या?

शरणबसव : म्हणाली, ह्याला वास तरी नाही.

इमामसाब : आणि मागचं अर्धं?

शरणबसव : आत आहे.

इमामसाब : मग माती कशाला लोटलाव? ऑफिसवाले गप बसले?

शरणबसव : दोघं आले होते. म्हणाले, अर्धवट सोडू नका, असा सांगाडा परत मिळायचा नाही. बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

इमामसाब : पर तुमी ऐकला न्हाईत.

शरणबसव : नाही.

इमामसाब : अव्वानं घाई केली असंल. दिवाळीची मुदत होती.

शरणबसव : दिवाळी होऊन गेली, ती काही बोलली नाही. रोज सकाळी खुर्चीवर येऊन बसायची. ब्रश उलटा धरलास म्हणायची. माती कुठं टाकायची ते सांगायची. सोमलिंगच्या थोरल्याला बोलावून त्याच्या हातावर गूळ ठेवला तिनं. का ठेवला ते त्याला सांगितलं नाही. तो घाबरून खाईचना.

इमामसाब : (हसतो) आता कुठं हाय अव्वा? घरात? मी चक्कर मारून येतो. करमाळ्याच्या कमळाभवानीचा प्रसाद आणलाय तिला. आमच्या मुकादमानं दिला.

शरणबसव : इथंच आहे.

इमामसाब : कुठं?

शरणबसव : अप्पांच्या उजव्या अंगाला.

इमामसाब : ...सर.

शरणबसव : बस. खुर्चीवर बस, चालतंय.

इमामसाब : न्हाय, मी हितं खालीच बसतो. ...मशीन कुणाची आणलाव?

शरणबसव : मशीन लागलीच नाही. सहा महिने मीच तर खणत होतो. डोकं जिथून निघालं, तीच जागा. गावची पोरं पहारी घेऊन आली होती, त्यांना नुसतं झाडायला लावलं.

इमामसाब : मांडी बसली का नीट?

शरणबसव : नीट. दोन्ही गुडघे टेकले. वर हातभर जागा उरली.

इमामसाब : अल्ला तिला चांगली जागा देवो.

शरणबसव : ती तिनं स्वतःच बघून ठेवली होती.

इमामसाब : मला फोन करायचा होता, सर.

शरणबसव : केला. गाडीवाटेवर जाऊन केला. लागला नाही.

इमामसाब : धरणाच्या अंगाला होतो. तिकडं न्हाय लागत. ...कोण कोण होतं?

शरणबसव : पंचाक्षरी, त्याची बायको, मुलगी. रेश्मा. सगळं गाव. मी होतो.

इमामसाब : कधी गेली?

शरणबसव : कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, सकाळचा चहा झाल्यावर, माझी आई गुरम्मा गेली.